मोठ्या सरांचे गुडघे

कराटेचा ड्रेस टेलरबाईंसमोर टाकावा आणि काही न बोलता उभं राहावं. चष्मा नाकावर सरकवून त्या पँट उलटी करणार, शिवणीवरून बोट फिरवणार आणि मान वर न करता सांगणार, की हा ड्रेस घालणारा कुठल्या शाळेत शिकतो.

काता सगळीकडे तोच. म्हणजे नाव तेच. काता म्हणजे ठरलेल्या पावलांची, ठरलेल्या ठोशा-लाथांची, एकट्याने करायची लढाई. शत्रू समोर नसतो, तो आहे असं धरून चालायचं. पण नाव एक असलं तरी प्रत्येक शाळेची तऱ्हा वेगळी. जिथे मधल्या वळणावर उडी मारतात, त्यांची पँट जांघेत उसवून येते. जिथे पाय लांब फाकवून, खाली बसून, संथपणे सरकत जातात, त्यांच्या पँटची टाचेकडची दुमड पायाखाली चिरडून तिची जाळी होते. ज्यांना ठोसा मारून झाल्यावर हात कमरेशी खाडकन ओढायची हौस, त्यांच्या बाहीची कड सगळ्यात आधी जाते. एकदा परगावचा एक धिप्पाड गडी फाटका ड्रेस घेऊन आला, तर बाई म्हणाल्या, तुमच्याकडे लाथ कमरेच्या वर जात नाही वाटतं. गडी चपापला. बाईंनी आपल्याला सराव करताना चोरून पाहिलं की काय, असं त्याला वाटलं असावं. बाईंनी आयुष्यात एक ठोसा मारला नव्हता, की कधी काता पूर्ण बघितला नव्हता. "कापड खोटं बोलत नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

हे वाक्य त्या इतक्या वेळा म्हणत की घरात त्याची टिंगल व्हायची. आणि शेवटी तेच वाक्य त्यांच्या अंगाशी आलं.

दुकानाच्या समोर, रस्ता ओलांडला की हॉल. हॉल एक, शाळा दोन. सोमवार, बुधवार, शुक्रवार एका शाळेचे. मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसरीचे. आणि रविवारी कुलूप, कारण रविवार समोरच्याला मिळावा हे दोघांपैकी एकालाही मान्य नव्हतं. दोन्ही शाळांचे गुरू एकाच माणसाचे चेले. त्या माणसाला सगळं गाव मोठे सर म्हणायचं. आता एवढं सगळं एक असताना भांडण कशावरून? तर गुडघ्यावरून. मोठ्या सरांच्या कातात अगदी मध्यावर एक जागा आहे. गर्रकन वळायचं आणि खाली बसता बसता ठोसा मारायचा. तेव्हा उजवा गुडघा जमिनीला टेकतो, असं एकाचं म्हणणं. मुळीच टेकत नाही, जमिनीच्या वर मूठभर तरंगत राहतो, असं दुसऱ्याचं. सर होते तोवर हा प्रश्नच निघाला नाही. दोघेही सरांच्या मागे उभे राहून काता करायचे, आणि सरांची पँट इतकी ढगळ की आतला गुडघा काय करतोय ते कुणाच्या बापाला दिसायचं नाही. सर गेले. त्यांच्या जागेवर उभं राहून शिकवायचं कोणी, असा प्रश्न आला तेव्हा हे दोघे पहिल्यांदा एकमेकांसमोर उभे राहिले, आणि एकाचा गुडघा टेकला, दुसऱ्याचा नाही. ठिणगी पडायला तेवढं पुरलं. त्याला आता अकरा वर्षं झाली. शिकणाऱ्या पोरापोरींनी दोन्ही शाळांना टेके आणि तरंगे अशी नावं पाडली होती, आणि ती आडनावांसारखी चिकटली होती.

आता यातला तरंग्यांचा गुरू म्हणजे टेलरबाईंचा नवरा. जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार. सगळा जन्म फीत आणि खुंट्यांत गेलेला. मूठभर म्हणजे मूठभर, त्यात बोटाचाही फरक चालायचा नाही. आणि टेक्यांचा गुरू म्हणजे बाईंच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं चष्म्यांचं दुकान. "मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय," हे त्याचं पालुपद, आणि चष्मेवालाच असं म्हणायला लागला तर समोरच्याने बोलायचं काय? थोडक्यात, दोघे सख्खे साडू. चाळिशी लागली तेव्हा मोजणीदार दोन तास बसने जाऊन परगावाहून चष्मा करून आले. चष्मेवाला आपल्या ड्रेसला स्वतःच ठिगळं लावायचा; ती कशी दिसत असतील याचा बाई विचारही करायच्या नाहीत, कारण त्यांना त्रास व्हायचा.

पण बहिणी त्या बहिणी. धाकटीचा एक राखाडी कोट होता. दर पंधरा दिवसांनी तो दुरुस्तीला यायचा. धाकटी तो टेबलावर ठेवायची, बाई दार लोटून घ्यायच्या आणि तासभर दोघी पोटभर बोलून घ्यायच्या. कोट बोटभर आखूड व्हायचा. पुढच्या खेपेला बोटभर लांब व्हायचा. खालच्या दुमडीवर टाक्यांची इतकी भोकं पडली होती की तिची चाळण झाली होती. चष्मेवाल्याला हे समजत नसेल असं नाही. पण इतका बिघडणारा कोट टाकून का देत नाहीस, असं त्यानं अकरा वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बाई याबद्दल मनातल्या मनात त्याचे आभार मानायच्या.

बाईंच्या नवऱ्यालाही साडूबद्दल एक, फक्त एकच, चांगली गोष्ट सांगता यायची. पूर्वी हॉलची जमीन लाकडाची होती, अजूनही आहे. तिला रोज पहाटे पिवळं मेण लावून, फडक्याने घासून लखलखीत करावं लागायचं. मोठ्या सरांचं म्हणणं साधं होतं: हे काम दोन थोरल्या चेल्यांचं, कोणी कधी करायचं ते तुम्ही आपापसात बघा. "मी सहाला पाच कमी असताना पोचायचो," मोजणीदार सांगायचे, "तर जमीन आरशासारखी. रोज. त्याने एकदा तोंडाने म्हटलं नाही की मी पुसतो आणि तू आयता येतोस. ते एक मानलं पाहिजे." धाकटीचं लग्न जमलं तेही याच जोरावर. तिच्यासाठी मुलगा शोधत होते तेव्हा मोजणीदारांनीच आपल्या मित्राचं नाव सुचवलं होतं. बाईंच्या वडिलांनी विचारलं, मुलगा कसा आहे? मोजणीदार म्हणाले, न सांगता रोज जमीन पुसतो, आणि बोलून दाखवत नाही. वडीलही शिंपीच, न बोलता काम करणारा माणूस त्यांना लगेच पटला. धाकटी मात्र पुढे संसारात शोधत राहिली की तो जमीन पुसणारा माणूस गेला कुठे, कारण घरात त्याने फडकं म्हणून कधी हातात धरलं नव्हतं.

असं सगळं बिनबोभाट चाललं होतं. अकरा वर्षांत भांडणालाही एक बूड येतं, त्यावर दोन्ही घरं आरामात बसली होती. मग त्या वर्षी दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. पहिली, चष्मेवाल्याच्या थोरल्या भावाने लांबच्या शहरात दुकान काढायचं ठरवलं आणि धाकट्याला भागीत बोलावलं. दुसरी, मोठ्या सरांच्या पत्नी, ज्यांना सगळे काकू म्हणत, त्या घर आवरून मुलाकडे राहायला निघाल्या, आणि जाण्याआधी एक कागदात गुंडाळलेलं गाठोडं घेऊन टेलरबाईंच्या दुकानात आल्या.

गाठोड्यात सरांचा ड्रेस होता. काकू म्हणाल्या, गळ्यापाशी फाटलाय, नीट करून दे. हॉलच्या भिंतीवर काचेत लावून जाईन म्हणते. बाईंनी घडी उलगडली आणि कमरेची शिवण बघून त्यांचे डोळे भरून आले. शिवण त्यांच्या वडिलांच्या हातची होती. ढगळ बेतणं ही वडिलांची खासियत. कापडाला श्वास घेता आला पाहिजे, असं ते म्हणायचे. म्हणजे अकरा वर्षांच्या या सगळ्या रामायणात आपल्या बापाच्या कात्रीचाही हात आहे, हे बाईंना त्या दिवशी कळलं.

नेमके तेव्हाच मोजणीदार जेवायला आले. ड्रेस पाहून त्यांनी हात जोडले. मग त्यांची नजर पँटच्या गुडघ्यावर गेली आणि तिथेच खिळली. गुडघ्यावर ठिगळ होतं.

"कापड खोटं बोलत नाही ना?" ते म्हणाले.

बाईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पण मोजणीदारांचं डोकं एकदा फिरू लागलं की ते मोजूनच थांबायचं. टेकणाऱ्याची पँट गुडघ्यावर झिजते, तरंगणाऱ्याची झिजत नाही. नुसतं ठिगळ काय, कशानेही लागतं; ते उसवून खाली बघितलं की दूध का दूध, पाणी का पाणी. त्यांनी काकूंमार्फत साडूला निरोप धाडला: रविवारी दहा वाजता हॉलमध्ये या, माझी बायको कापड बघून सांगेल. जो चुकीचा ठरेल त्याने शाळा बंद करायची. सगळ्यांना वाटलं, चष्मेवाला हसण्यावारी नेईल. त्याचा उलट निरोप तासाभरात आला. बाईंचा शब्द मला मान्य आहे. अकरा वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते नेमकं बाईंच्या मानेवर येऊन बसलं.

दुसऱ्याच दिवशी धाकटी आली. या वेळी कोट विसरून आली, यावरून काय ते समजा. चष्मेवाला हरला तर एक दिवसही इथे थांबणार नाही, भावाला होकाराचा कागद लिहून तयार आहे, असं तिने सांगितलं. आणि जिंकला तर? तर मोजणीदार शाळा बंद करून घरात बसतील, आणि ज्याच्यामुळे बसावं लागलं त्याच्या बायकोला ते या दुकानाची पायरीही चढू देणार नाहीत. कोट असो की नसो. धाकटी खुर्चीत बसून रडली नाही, पण टाचण्यांच्या डबीतल्या टाचण्या एक-एक करून उशीत खोचत राहिली. "ताई, काहीतरी सांग गं," ती शेवटी म्हणाली. "काहीही सांग."

बाईंना हे ऐकून राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. कारण धाकटीसाठी त्या काहीही करायला तयार होत्या, फक्त कापडाबद्दल खोटं बोलायला नाही.

शनिवारी दुपारी त्यांनी दुकानाचं दार लावलं आणि पँट टेबलावर पसरली. आधी त्यांना हायसं वाटलं, कारण ठिगळ एका गुडघ्यावर नव्हतं, दोन्हींवर होतं. जाड दोऱ्याने, वेड्यावाकड्या टाक्यांनी लावलेलं. सरांनी स्वतःच लावलं असणार. जगातली सगळी शिस्त असलेल्या माणसाला सुईची शिस्त नव्हती. त्यांनी टाके उसवले. आता गुडघा टेकून बसणाऱ्या टेक्यांच्या पँटी बाईंनी शेकड्यांनी पाहिल्या होत्या. ती झीज गोल असते, बशीएवढी, उजव्या गुडघ्यावर, बरोबर मध्यभागी. इथे तसलं काही नव्हतं. दोन्ही गुडघे सारखे झिजलेले, आणि झीज खाली नडगीपर्यंत लांबच लांब उतरलेली, उभ्या धाग्यांच्या दिशेने. म्हणजे माणूस गुडघे टेकून नुसता बसलेला नव्हता. तो गुडघ्यांवर पुढे-मागे सरकत होता, पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं. काताच्या झिजेचा माग असलाच तर या झिजेने तो कधीच खाऊन टाकला होता.

बाईंनी सुईच्या टोकाने विणीतला मळ खरवडला. मळ पिवळा होता. त्यांनी त्यावर कागद ठेवून गरम इस्त्री टेकवली, आणि सगळ्या दुकानात पिवळ्या मेणाचा वास सुटला.

त्यांनी खिडकीतून समोरच्या हॉलकडे पाहिलं.

तेवढ्यात दार वाजलं. धाकटी होती, आज कोट घेऊन. बाईंनी पँट पटकन घडी करून बाजूला सारली आणि कोटाची दुमड चाचपत, सहज विचारल्यासारखं विचारलं, की तिचा नवरा कधी हॉलच्या जमिनीबद्दल बोलतो का.

"बोलतात की," धाकटी म्हणाली. "भाऊजींबद्दल एवढं एकच चांगलं बोलतात. रोज आपल्या आधी येऊन जमीन चकचकीत करून ठेवायचे, आणि कधी उपकार दाखवले नाहीत. मोठ्या मनाचा माणूस होता, म्हणतात, गुडघ्यानं बिघडवला."

बाईंच्या हातून सुई पडली. ती शोधायच्या निमित्ताने त्या बराच वेळ टेबलाखाली राहिल्या.

आता त्यांच्यापुढे पेच असा, की गुडघा कोणाचा खरा ते कापड सांगत नव्हतं, आणि ते त्या खुशाल जाहीर करू शकत होत्या. काही कळत नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण दोघेही म्हणणार, मग ही झीज कशाची? तेव्हा काय सांगायचं? खरं सांगितलं तर दोन साडूंमध्ये जो एकच धागा अकरा वर्षं तुटायचा राहिला होता, तोच तुटणार होता. तो पुसायचा, हा पुसायचा. दोघांपैकी कोणीही पुसत नव्हता. एकमेकांबद्दलचा एवढासा चांगुलपणा, आणि तोही गैरसमजाचा निघाला. रविवारी सकाळी ड्रेसला इस्त्री करताना बाईंनी तीन वेळा ठरवलं की गप्प बसायचं, आणि तीन वेळा वडिलांची शिवण बघून तो विचार मोडला. माप खोटं सांगितलं तर अंगावर बसत नाही, असं वडील म्हणायचे. ते फक्त कपड्यांबद्दल म्हणायचे की काय, कोण जाणे.

दहाला हॉल उघडला. आत मधोमध काकूंसाठी खुर्ची मांडलेली. एका भिंतीशी मोजणीदार, समोरच्या भिंतीशी चष्मेवाला, दोघेही ड्रेस घालून, पट्टा आवळून, जणू आता कुस्तीच आहे. धाकटी दारात, कोट अंगावर घालून, कारण तिला काय घालावं ते सुचलं नसावं. जमीन मात्र रया गेलेली, करडी. हल्ली आठवड्यातून एकदा झाडणारा येऊन लांब दांड्याच्या फडक्याने ओलं करून जायचा.

बाईंनी पँट काकूंच्या मांडीवर पसरली आणि जे दिसलं ते जसंच्या तसं सांगितलं. गुडघा टेकायचा की तरंगायचा, हे या कापडावरून सांगता येणार नाही. ते जे काही होतं ते दुसऱ्या झिजेने पुसून टाकलंय.

"दुसरी कसली झीज?" दोघांनी एकदम विचारलं.

बाईंनी ठिगळाची कड उचलून धरली. "हे जमिनीचं मेण आहे," त्या म्हणाल्या. "सर रोज गुडघ्यावर बसून ही जमीन पुसायचे. तुमच्यातला कोणी पुसत नव्हता."

मोजणीदारांनी साडूकडे पाहिलं. चष्मेवाल्याने मोजणीदारांकडे पाहिलं. दोघांचीही तोंडं आधी रागाने उघडली, आणि मग शब्द बाहेर पडण्याआधीच मिटली, कारण समोरच्याला जे विचारायचं होतं ते आधी स्वतःलाच विचारावं लागणार होतं. तू पुसत नव्हतास, असं म्हणायला आपण पुसलेली असावी लागते. चष्मेवाल्याचे कान लाल झाले. मोजणीदार खाली बघून लाकडाच्या फळ्या मोजू लागले.

"तरीच," दारातून धाकटी म्हणाली.

एवढा एकच शब्द, पण त्यात तिचा सगळा संसार होता. बाईंना हसू आवरेना. त्यांनी ते दाबायचा प्रयत्न केला, तर ते खांद्यांतून बाहेर पडू लागलं, आणि मग त्यांनी पाहिलं की काकूही हसताहेत. मांडीवरच्या पँटचाच पाय तोंडाला लावून हसत होत्या.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या. "रोज मेणाचे गुडघे घेऊन घरी यायचे. मी म्हणायची, अहो, तुमचे एवढाले दोन चेले असताना तुम्ही कशाला? तर म्हणाले, याला वाटतं तो पुसतो, त्याला वाटतं हा पुसतो. दोघंही एकमेकांना चांगलं समजताहेत. ते टिकत असेल तर माझे गुडघे गेले तरी चालतील."

बाईंचं हसू गेलं. वर्षानुवर्षं त्या माणसाने पहाटे उठून दोन बाप्यांची दोस्ती फडक्याने घासून चकचकीत ठेवली होती, आणि त्याला जाऊन वर्ष व्हायच्या आत यांनी ती एका गुडघ्यासाठी मोडून ठेवली. दोघांच्या चेहऱ्यावर तेच लिहिलेलं दिसत होतं.

मग चष्मेवाला हलला. हॉलच्या मागच्या खोलीत जाऊन त्याने बादली शोधून आणली. मोजणीदार आपल्या जागेवरून निघाले आणि बादलीची कडी दुसऱ्या बाजूने धरली. मी पुसतो, एक म्हणाला. तुला कुठे येतं, दुसरा म्हणाला. तुला येतं होय? आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा दोघे एकमेकांशी काहीतरी बोलले, तेही भांडणच, पण दोघांनाही कडी सोडवत नव्हती. शेवटी काकूंनी ऑर्डर दिल्यासारखं सांगितलं की निम्मी निम्मी पुसा, आणि मेण कपाटाच्या वरच्या फळीवर असेल, त्यांचीच सवय तिथे ठेवायची. डबा खरोखर तिथेच होता. वरचा थर दगडासारखा झालेला. खालचं मेण अजून पिवळं होतं.

दोघे गुडघ्यांवर बसले. मोजणीदारांनी आधी हॉलचा मध्य मोजून काढला, तिथे खडूने रेघ मारली आणि रेघेपासून सुरुवात केली. चष्मेवाला डोळे बारीक करून प्रत्येक फळी उन्हाच्या तिरिपीत तपासत होता. घासायची दोघांनाही सवय नव्हती. दहा मिनिटांत घामाघूम. बहिणी दोन्ही बाजूंनी काकूंच्या खुर्चीला टेकून उभ्या होत्या, आणि बघता बघता धाकटीने कोट काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"ताई," ती म्हणाली, "आता याची लांबी आहे ती राहू दे."

जमीन पुसून झाल्यावर दोघांनी मोठ्या सरांचा काता केला, शेजारी शेजारी उभं राहून. मधल्या वळणावर चष्मेवाल्याचा गुडघा टेकला आणि मोजणीदारांचा मूठभर वर राहिला. दोघांनीही ते पाहिलं. आणि दोघांनीही पुढचं पाऊल टाकलं. बाईंनी पहिल्यांदाच अख्खा काता पाहिला आणि त्यांना वाटलं, दोन्ही छान दिसतंय. पण त्यांना कराटेतलं काय कळतंय?

काकू मुलाकडे गेल्या. ड्रेस हॉलच्या भिंतीवर काचेत लागला, गळा दुरुस्त केलेला. गुडघ्याची ठिगळं मात्र बाईंनी सरांच्याच वेड्यावाकड्या टाक्यांनी परत लावली, हात नको म्हणत असताना. चष्मेवाल्याने भावाला लिहिलेला होकाराचा कागद धाकटीने फाडला आणि त्याचे तुकडे भरताना नवऱ्याला घरात पहिल्यांदा फडकं हातात धरावं लागलं, हे ती अजून रंगवून सांगते. शाळा दोनच राहिल्या. टेके टेकतात, तरंगे तरंगतात, आणि हल्ली परगावची काही उड्या मारणारी मंडळी पाहुणी म्हणून येतात. रविवारचं कुलूप निघालं. त्या दिवशी दोन्ही शाळांची सगळी मंडळी पहाटे येतात आणि जमिनीला मेण लावतात, पाळीने नाही, सगळी एकदम, गुडघ्यांवर सरकत. त्यात चष्मेवाला आणि मोजणीदार सगळ्यांच्या आधी हजर असतात. पहिला कोण येतो यावर आता त्यांचं नवं भांडण आहे.

परवा एक मुलगी फाटकी पँट घेऊन दुकानात आली. मैत्रिणीला बाईंची कला दाखवायची होती. टेबलावर पँट टाकून ती गप्प उभी राहिली. बाईंनी चष्मा सरकवला, पँट उलटी केली. दोन्ही गुडघे सारखे झिजलेले होते, खाली नडगीपर्यंत, आणि विणीत पिवळं मेण होतं. त्यांनी ती उजेडात धरली, परत उलटी केली.

"नाही बाई," त्या म्हणाल्या. "कुठली शाळा ते आता नाही सांगता येत."

समोर खुर्चीत धाकटी बसली होती. कोट न घेताच आली होती.